न बिघडलेला सायलेन्सर

“बसा आतच! उतरू नका!” आणि “उतरा खाली, आधी खाली उतरा!” अशा दोन आरोळ्या वर्ना स्टकीच्या कानांवर एकाच वेळी आदळल्या. एक समोरून, दुसरी मागून. दुसरीचं ऐकून तिने सीटबेल्ट काढला, पिकअपचं दार ढकललं आणि एक पाय बाहेर काढला, तरी पहिली चालूच होती. तो तसाच अधांतरी ठेवून ती म्हणाली, “अहो, आधी तुम्ही दोघं आपसात ठरवा, मग मला सांगा.”

हे बोलायला नको होतं, हे तिला बोलता बोलताच कळलं.

गुरांच्या खाद्याच्या गिरणीजवळ, चौकातच मक्याचा ट्रक कलंडला होता. दाणे रस्ताभर सांडले होते आणि त्यांवरून गाड्यांची चाकं घसरत होती. सिग्नल लाल होता, पण चौकात उभा असलेला तरुण पोलीस हात हलवून गाड्या पुढे काढत होता. तिच्याकडे बघूनही त्याने हात हलवला, तशी ती निघाली. चौकात शिरते न शिरते तोच मागे पोलिसांच्या गाडीचा भोंगा वाजला.

मागून ओरडणारा सार्जंट फेंटन आता दाराशी येऊन उभा राहिला. चांगला आडवा माणूस, मानेवर घामाची ओल.

“सिग्नल दिसत नाही का, बाई?”

“दिसला. पण या मुलाने हात केला. गॅरेट, सांग ना रे तुझ्या साहेबांना.”

समोरून पळत आलेल्या गॅरेट ओडमने मान खाली घातली. बुटाच्या टोकाने तो मक्याचे दाणे रस्त्याच्या कडेला सारत राहिला. फेंटनने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पावत्या फाडायला घेतल्या. पोलिसाचा इशारा न जुमानणं, ही एक. लाल सिग्नल तोडणं, ही दुसरी.

“आणि पट्टा लावला नव्हता, त्याची तिसरी.”

“पट्टा? तुम्ही उतरा म्हणालात म्हणून काढला ना मी!”

“ते न्यायाधीशांना सांगा,” फेंटन म्हणाला, आणि पावत्या तिच्या मांडीवर टाकून निघून गेला. गॅरेट त्याच्यामागोमाग गेला. मागे वळून त्याने पाहिलं नाही.

हॅलम नावाच्या गावात वर्ना शाळेची बस चालवायची. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने ते चाक हातात घेतलं, ते अजून सोडलं नव्हतं. निम्मं गाव तिच्या बसमधून शाळेत जाऊन मोठं झालं होतं. गॅरेटही त्यातलाच. त्याला गाडी लागायची. दोन वळणं झाली की बिचारा पांढराफटक पडायचा, आणि तिसऱ्या वळणावर सकाळचं दूध बाहेर. मागची मोठी मुलं नाक धरून बोंबलायची. वर्नाने त्याला आपल्या मागच्या सीटवर बसवायला सुरुवात केली, पायाशी एक बादली ठेवली आणि खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. शाळेशी मुलं उतरली की ती बादली धुवायची, सीट पुसायची. मुलांच्या बसमध्ये हे चालायचंच.

शाळेच्या बसविभागाची प्रमुख मार्लिस टेट हिने पावत्या बघितल्या आणि चष्मा कपाळावर चढवला.

“वर्ना, हे मिटवून टाक. सिग्नल तोडल्याचा नाहीतर इशाऱ्याचा, एक जरी गुन्हा तुझ्या लायसन्सवर चढला ना, तर विमावाले तुला मुलांच्या बसवर बसू देणार नाहीत. माझ्या हातात काही नाही.”

“पण मी केलंच नाही काही.”

“कोण म्हणतंय केलं म्हणून? मिटव म्हणतेय मी. ब्रॅनम वकिलाकडे जा. सगळे त्याच्याचकडे जातात.”

नील ब्रॅनमची कचेरी डोनटच्या दुकानावर होती. खालून तळणाचा गोडसर वास सतत वर यायचा आणि खुर्च्यांच्या कापडात मुरून बसायचा. ब्रॅनमने पावत्यांवरून नजर फिरवली. तिचं म्हणणं त्याने ऐकून घेतलं, म्हणजे ती बोलत होती तोवर त्याने डोनट संपवला.

“काही काळजी करू नका. मी सरकारी वकिलाशी बोलतो. तिन्ही पावत्या रद्द, त्याऐवजी एकच, बिघडलेल्या सायलेन्सरची; तो दोष गाडीचा, चालवणाऱ्याचा नाही. तुम्ही उभं राहायचं, ‘कबूल आहे’ म्हणायचं, दंड भरायचा आणि घरी जायचं. लायसन्सवर डागसुद्धा नाही.”

“पण माझा सायलेन्सर चांगला आहे.”

“असेलच की.”

“नवऱ्याने स्वतः बसवलाय. त्याचं सायलेन्सरचंच दुकान आहे.”

ब्रॅनम मनापासून हसला. “मिसेस स्टकी, या काउंटीत एकाही गाडीचा सायलेन्सर धड नाही. कागदोपत्री. कोर्टात जाऊन बघा.”

घरी तिने हे रॉइसला सांगितलं. जेवायला बसता बसता तो म्हणाला, “घेऊन टाक की मग.”

“अरे, सायलेन्सर तू बसवलायस!”

“मग काय झालं? निम्म्या गावाचे मीच बसवलेत, आणि कोर्टात सगळ्यांनी ते बिघडलेत म्हणून कबूल केलंय. त्या हिशेबाने माझ्याइतका टुकार कारागीर अमेरिकेच्या साऱ्या मध्य-पश्चिमेत सापडायचा नाही.” तो हसला, पण तिचा चेहरा बघून थांबला. “वर्ना, तुला बस हवीय ना? मग एक शब्द खोटं बोल आणि मोकळी हो. कोण विचारतंय?”

तिने बटाट्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. तिला स्वतःला जेवण जाईना. सबंध संध्याकाळ डोनटच्या त्या तळणाचा वास तिच्या स्वेटरला येत राहिला, आणि शेवटी तिने तो धुवायला टाकला.

हॅलमचं कोर्ट नगरसभेच्या हॉलमध्ये भरायचं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या घडीच्या खुर्च्या काढून लोक आपापल्या मांडून बसत होते. न्यायाधीश मान वर न करता नावं घेत होते, आणि जो तो उठून तेच बोलत होता. शाळेसमोरून सुसाट गाडी नेलेला एक बिल्डर: बिघडलेला सायलेन्सर, कबूल. गाडी चालवताना फोनवर बोललेली दंतवैद्यीण: बिघडलेला सायलेन्सर, कबूल. कोणी लाजत नव्हतं, कोणी रागावतही नव्हतं. सरकारी वकील आणि ब्रॅनम एकमेकांना कागद देत होते, दुकानात गिऱ्हाइकाला सुटे पैसे द्यावेत तसे.

मग एक लांब वेणीची मुलगी उभी राहिली.

“बिघडलेला सायलेन्सर. कबूल आहे?”

“कबूल,” मुलगी म्हणाली, आणि मग जरा घुटमळली. “फक्त... माझी गाडी विजेवर चालते. तिला सायलेन्सर नसतो.”

न्यायाधीशांनी पहिल्यांदा मान वर केली. हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसेल असं वर्नाला वाटलं. कोणी हसलं नाही.

“तुम्हाला कबूल आहे की नाही?”

“कबूल आहे.”

“पुढचा.”

शेजारच्या माणसाच्या दाढीनंतरच्या अत्तराचा वास, जमिनीच्या मेणाचा वास, ब्रॅनमच्या कोटातून येणारा साखरेचा वास, सगळं एकदम वर्नाच्या नाकात भरलं. तिचं नाव पुकारलं गेलं. ब्रॅनम उठून म्हणाला, “साहेब, आमची तडजोड झालेली आहे...”

“नाही,” वर्ना म्हणाली.

“काय नाही?”

“माझा सायलेन्सर चांगला आहे, साहेब. ज्याबद्दल मला धरलं त्याबद्दल विचारा. त्याचं उत्तर देते.”

ब्रॅनम तिच्या कानाशी वाकला. “वेडेपणा करू नका. बस जाईल.”

“माहीत आहे मला.”

“मग माझं इथे काम नाही,” असं म्हणून त्याने तिची फाइल खाली ठेवली आणि पुढच्या अशिलाकडे वळला.

न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही पोलीस हजर होते, म्हणून आजच, सगळ्यात शेवटी ऐकू, असं म्हणाले. हॉल रिकामा होईपर्यंत ती बसून राहिली. उरलेले सगळे सायलेन्सर तिच्यासमोर बिघडून गेले.

फेंटनने साक्ष दिली. आपला शिपाई हात उभा करून गाड्या थांबवत होता, बाईंनी दुर्लक्ष केलं, उद्धट बोलल्या. गाडीवरचा कॅमेरा त्या दिवशी बंद होता. तो हे सगळं एका सुरात बोलला, बाजारातून आणायच्या वस्तू सांगाव्यात तसं.

मग गॅरेट. कडक इस्त्रीचा गणवेश, गुळगुळीत दाढी, कानाजवळ बारीक कापलेले केस. सरकारी वकिलाने विचारलं, “तुम्ही कोणता इशारा केला होता?”

“थांबण्याचा.”

“आरोपींना काही विचारायचंय?” न्यायाधीशांनी विचारलं.

वर्ना उठली. टेबलावर हात टेकून तिने विचारलं, “गॅरेट, तू हात हलवलास ना रे मला? ये ये म्हणून?”

“त्यांना ऑफिसर ओडम म्हणा,” न्यायाधीश म्हणाले.

“ऑफिसर ओडम. तुम्ही मला बोलावलंत ना?”

तिच्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, “मी थांबण्याचाच इशारा केला होता, मॅडम.”

मॅडम. बालवाडीपासून तो तिला, बसमधल्या सगळ्या मुलांसारखा, मिस वर्ना म्हणत आला होता. पेट्रोल पंपावर भेटला तरी मिस वर्ना, पोलिसात भरती झाल्याचं सांगायला आला तेव्हाही मिस वर्ना.

“बरं. आणि मी पट्टा काढला तेव्हा मला उतरा असं कोणी सांगितलं?”

त्याने फेंटनकडे पाहिलं. “आठवत नाही.”

या पोराने तिच्या बसमध्ये, तिच्या बुटांवर, एकदा तर तिच्या मांडीवर ओकलं होतं. ते उपसताना तिला कधी नाक मुरडावंसं वाटलं नव्हतं. आता तो तिच्यासमोर स्वच्छ उभा होता, साबणाचा वास येत होता, आणि तिला त्याच्याकडे बघवेना. आतून, पोटाच्या तळापासून शिसारी आली.

“आणखी काही?” न्यायाधीशांनी विचारलं.

तिच्याकडे होतं बरंच. बादलीचं, पेपरमिंटचं, पँट ओली झाल्यावर तिने स्वतःचं जाकीट त्याच्या कमरेला बांधलं होतं त्याचं. फेंटनदेखत ते बोलली असती तर पोलीस चौकीत त्या पोराला जन्मभर पुरलं असतं. ते शब्द ओठांपर्यंत आले. तिने ते गिळले.

“नाही, साहेब.”

सीटबेल्टची पावती न्यायाधीशांनी रद्द केली. बाकीच्या दोन्ही तिच्यावर लागल्या.

रॉइस बाहेर पिकअपमध्ये वाट बघत होता. त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. पहिल्या वळणावर म्हणाला, “चिडलोय मी तुझ्यावर.”

“माहीत आहे.”

“तरी तुझंच बरोबर होतं.”

“त्याने काय होतंय,” ती म्हणाली.

त्या रविवारी गॅरेट आला. साध्या कपड्यांत, टोपी हातात घेऊन. त्याने गाडी फाटकासमोरच आडवी लावली होती. वर्ना पायऱ्यांवर बसून सफरचंदं सोलत होती.

“मिस वर्ना,” तो म्हणाला, “माझी नोकरी अजून कायम झालेली नाही. फेंटनसाहेबांनी कोर्टाच्या आदल्या दिवशी बोलावून सांगितलं, काय बोलायचं ते. मी काय करणार होतो?”

ती सोलत राहिली.

“तुम्ही ते सायलेन्सरचं मान्य केलं असतं ना, तर कोणालाच त्रास झाला नसता. सगळे करतात. मला उभंच राहावं लागलं नसतं तिथे. तुम्हीच हट्ट धरलात.”

सुरी थांबली. तिने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. तरी तिला पुन्हा तीच शिसारी आली.

“रागावलात का?”

“नाही रे. राग असता तर बरं झालं असतं, राग उतरतो.” तिने सालं गोळा केली आणि उठली. “तुझी गाडी बाजूला घे. रॉइसला बाहेर पडायचंय.”

त्याने टोपी डोक्यावर घातली. मग गेला.

बस कोरीन नावाच्या एका तरुण बाईला मिळाली. मार्लिसने फोन करून चाचरत विचारलं, आठवडाभर तिच्यासोबत बसून रस्ता दाखवशील का, मुलांची नावं सांगशील का. नाही म्हणायचा वर्नाला पूर्ण हक्क होता. मार्लिसही तेच म्हणाली.

सोमवारी सकाळी ती पायऱ्यांजवळच्या पहिल्या सीटवर बसली. दाराच्या बाजूने रस्ता असा दिसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. कोणत्या कुत्र्याला घाबरायचं, कोणत्या घराशी जरा जास्त थांबायचं, कोणत्या दोघा भावांना शेजारी बसू द्यायचं नाही, हे ती हळू आवाजात सांगत होती. कोरीन मान डोलवत होती, चाक घट्ट धरून. मुलं वर चढताना वर्नाकडे बघत, मग कोरीनकडे, आणि मागे जात.

गावाबाहेर, कापून टाकलेल्या मक्याच्या शेतांमधून रेल्वेचा रूळ रस्ता ओलांडून जातो. कोरीनने वेग कमी केला, दोन्हीकडे पाहिलं. “ही लाइन बंद आहे ना? गवत वाढलंय बघा किती. इथून गाडी कधी गेली असेल देव जाणे. आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही.”

“तरी थांबायचं,” वर्ना म्हणाली. “शाळेच्या बसचा नियम आहे. पूर्ण थांबायचं, दार उघडायचं, आणि ऐकायचं.”

कोरीनने बस थांबवली. दार उघडलं. थंड वारा आणि ओल्या मातीचा वास आत आला. मागे चाललेली बडबड आपोआप थांबली. रूळ आला की गप्प बसायचं, हे त्या मुलांना कधीचं अंगवळणी पडलेलं होतं. एकाने अर्धवट चावलेलं सफरचंद तोंडाशी तसंच धरून ठेवलं. लांबपर्यंत काही येत नव्हतं, काही जात नव्हतं. बसभर मुलं श्वास रोखून ऐकत होती.

“आता चल,” वर्ना म्हणाली.