बोटीची दुसरी लाट

मित्रांनो, माझं वय विचारू नका. दोन इंजिनं माझ्या पोटातून गेली आणि तिसरं धडधडतंय, एवढ्यावरून काय ते समजा. मी एक जेट स्की आहे. पण सोफ्यासारखी ऐसपैस बसायची नव्हे, ती वेगळी. माझ्यावर बसायला जागाच नाही. उभं राहायचं, पुढचा लांब दांडा धरायचा आणि आपला तोल आपण सांभाळायचा. ज्याला जमत नाही त्याला मी पाण्यात टाकते. त्यात राग नसतो, माझी घडणच तशी आहे.

माझा जन्म साच्यात झाला. काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायचं, त्यावर चिकट रसायन फासायचं, असे थरावर थर चढवून मला घडवलं. वर पिवळा रंग दिला. शेपटाशी एक पंखा बसवला. तो खालून पाणी ओढतो आणि मागे फेकतो, त्या जोरावर मी पळते. मागच्या अंगाला बाण काढलेली एक चिठ्ठीही चिकटवली. मी पाण्यात उलटी पडले, तर कोणत्या बाजूने सुलटी करायची ते त्यावर लिहिलं होतं. अक्षर बारीक होतं, आणि बारीक अक्षर वाचायला माणसांना कधी वेळ असतो?

बंदरात होड्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीने मला घरी आणलं. तिसऱ्या वर्षी तो माझ्यावर बॅकफ्लिप शिकला. म्हणजे लाटेवरून हवेत उडायचं, मागच्या मागे अख्खी कोलांटी घ्यायची आणि पुन्हा पायांवर पाण्यात उतरायचं. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर माणसं जमायची. टाळ्या त्याला मिळायच्या, आणि पोटावर सपकन पाणी बसायचं ते मला. पण खरं सांगते, मिरवायला मलाही आवडायचं.

त्याची बायको टॉवेल घेऊन काठावर उभी असायची. होड्यांची आच्छादनं शिवणारी बाई. जाड सुईने तिच्या बोटांना घट्टे पडलेले. तिला सगळे मिस्त्रीणबाई म्हणायचे.

मग एका हिवाळ्यात मिस्त्री गेला. छातीत दुखतंय म्हणाला, आणि संध्याकाळपर्यंत नव्हता. मला त्याच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये मागच्या कोपऱ्यात ढकललं. चार वर्षं माझ्या पाठीवर रंगाचे डबे होते. मांजर माझ्यात दोनदा व्याली. मी काही बोलले नाही, मला कुणी विचारलंही नाही.

एक दिवस मिस्त्रीणबाईने डबे खाली उतरवले. वय वर्षं चोपन्न. आधी माझ्यावर नुसती उभी राहायला शिकली, त्यात अख्खा उन्हाळा गेला. मग म्हणाली, कोलांटी शिकायची.

"आई, तुझं वय काय, तू बोलतेस काय!" थोरला मुलगा म्हणाला. आता शेड तोच चालवतो.

"वय तुला माहीत आहे, आणि काय बोलते ते ऐकू आलंय. बावीस वर्षं टॉवेल धरला मी. आता कुणीतरी माझ्यासाठी धरा."

तिची नणंद हसत म्हणाली, "मी धरते, वहिनी. पण दोन आणते. एक तुला पुसायला, एक मला रडायला."

थोरल्याच्या मनात वेगळंच होतं. त्याला मला शेडच्या आतल्या भिंतीवर टांगायचं होतं, खाली वडिलांचा फोटो लावून. शेवटी मायलेकांत ठरलं. महिनाभर आईने प्रयत्न करायचा. महिना संपेल त्या रविवारी सुतार येणार. तोवर कोलांटी जमली तर गाडी पाण्यात, नाही तर भिंतीवर.

मित्रांनो, माझं मन विचाराल तर मला भिंत हवी होती. कोरडी जागा, वरून पत्रा, कुणाची लाथ नाही. मी दमले होते. आता हिच्या हौसेपायी माझी हाडं का मोडायची, असं रोज वाटायचं.

आमच्याकडे वेळ मोजका होता. बंदरातून दहाला प्रवासी बोट सुटते, मग एकला. तिच्या मागे दोन लाटा उठतात. पहिली नुसती फुगते, दुसरी ताठ उभी राहते. त्या दुसरीवर वेगाने चढायचं, गुडघ्यांत वाकायचं, आणि लाट संपते तिथे दांडा छातीशी ओढून डोकं मागे टाकायचं. कोलांटी पुरी होईपर्यंत दांड्यावरचा रेसचा खटका बोटाने दाबून धरायचा, सोडायचा नाही. दिवसाला दोनच संधी.

मिस्त्रीणबाई चढायची झकास. आणि वर गेलं की प्रत्येक वेळी खटक्यावरचं तिचं बोट ढिलं पडायचं. माझा जीव जायचा आणि आम्ही दोघी धपकन पाठीवर पडायचो. एकदा मी तिच्या खांद्यावर पडले. आठवडाभर तिला वेणी घालता आली नाही, नणंद घालून द्यायची.

"वन्सं, जरा हळू! केस माझेच आहेत."

"मग खांदाही तुझाच होता ना, वहिनी?"

तिसऱ्या आठवड्यात मी अशीच उलटी पडले. थोरल्याला दया आली, त्याने पाण्यात उडी मारली आणि मला धरून उलथवलं. नको त्या बाजूने!

"अरे, बाण बघ! बाण!" मिस्त्रीणबाई ओरडली.

"कुठला बाण?"

सायलेन्सरमधलं सगळं पाणी इंजिनात उतरलं. मी घशापर्यंत प्यायले. आयुष्य होड्यांत गेलं या मुलाचं, पण माझ्या पाठीवरची चिठ्ठी काही त्याने वाचली नव्हती! त्याचे आणि आमचे तीन दिवस गेले. त्याने माझे प्लग काढले, पाणी उपसलं, तेल बदललं. पण मी खोटं नाही बोलणार, या तीन दिवसांत त्याने भिंतीचं नाव काढलं नाही.

शनिवार उजाडला. सुतार उद्या येणार होता. दहाच्या बोटीला आम्ही पुन्हा पाठीवर पडलो. मिस्त्रीणबाई धक्क्याच्या उतारावर येऊन बसली. ओठ निळे पडले होते. नणंदेने तिला टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाली, "वहिनी, एक बोलू? रागावू नकोस."

"आता रागवायला अंगात जोर कुठे आहे?"

"वर गेलीस की तू डोळे मिटतेस."

"एवढ्या लांबून तुला काय दिसतंय?"

"मान दिसते ना. दादा वर जायचा तेव्हा इथे काठावरही अशीच मान आवळायचीस. डोळे गच्च! मी तुझ्या शेजारीच असायचे. तो पाण्यात आपटल्याचा आवाज आला की उघडायचीस."

मिस्त्रीणबाईने टॉवेलाचं टोक पिळलं. मग म्हणाली, "म्हणजे बावीस वर्षांत मी मधलं कधी पाहिलंच नाही, वन्सं."

"नाही. आणि पाहण्यासारखं तर तेच असायचं!"

एकची बोट सुटली. पहिली लाट आम्ही जाऊ दिली. दुसरीवर चढलो. पाणी सुटलं तसा माझा पंखा हवेत किंचाळला. मी उलटी झाले, समुद्र डोक्यावर आला. याच जागी रोज तिचं बोट सुटायचं. मीही मनात म्हटलं, आता मी नुसती खोकले तरी उद्यापासून विश्रांती. म्हाताऱ्या इंजिनाला दोष कोण देणार? पण बोट सुटलं नाही. बाईने डोळे उघडे ठेवले होते. आणि तिथे वर, उलट्या जगात, ती मोठ्याने म्हणाली, "अगं बाई!"

असं म्हणणाऱ्या माणसाला दगा कसा द्यायचा? मी होतं नव्हतं ते सगळं ओतलं.

उतरलो ते काही देखणं नव्हतं. तिचा एक गुडघा टेकला, हनुवटी दांड्यावर आपटली. पण आम्ही सुलट होतो आणि चालत होतो. काठावर नणंद टॉवेल फिरवत नाचत होती. थोरला रंगाने माखलेले हात घेऊन धावत आला. म्हणाला, "सुताराला नको म्हणून सांगतो."

"सांग. आणि उद्या दहाला तूही ये. एकदा जमलं ते चुकूनही जमतं."

उद्या दहाला! ऐकून माझे सांधे दुखायला लागले. पण मिस्त्रीणबाईने ओल्या अंगाने, हनुवटीचं रक्त तसंच ठेवून, आधी नळ सोडला. गोड्या पाण्याने मला आतून बाहेरून धुतलं, पंख्यात अडकलेलं शेवाळ काढलं, पुसलं. मग घरात गेली.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूला फोटोसारखी जपू नका. तिला काम द्या. आणि काम झालं की आपले ओले कपडे बदलायच्या आधी तिच्या अंगावरचं मीठ धुवा. ती दमेल, कुरकुरेल, तुमच्या नावाने बोटं मोडेल. पण दहाला तयार असेल.