लेबलांचं दार

केबल कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाने डबा तिसऱ्यांदा उलटा केला, त्याच्या तळावर अंगठा फिरवला आणि तो परत तिच्याकडे सरकवला.

"मॅडम, याच्यावर नंबरच नाही."

"असेल की. खाली बघा ना."

"खालीच बघतोय. या दुसऱ्यावरही नाही. लेबल काढलंय कोणीतरी."

तिने दोन्ही डबे उचलून पाहिले. एक टीव्हीचा, एक इंटरनेटचा. दोन्हींच्या पोटाशी बोटभर लांबीचा एक चकचकीत पट्टा होता, बाकीच्या रंगाहून जरा ताजा. लेबल कोणीतरी अगदी निगुतीने काढलं होतं, चिकटपणाचा कणसुद्धा मागे न ठेवता. असं काम करणारी एकच बाई तिला माहीत होती.

"यंत्राने लेबल वाचलं तर पावती निघते," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अडवणूक नव्हती, नुसता कंटाळा होता. "नंबर नसला तर डबा कोणाचाही असू शकतो. ठेवून जा वाटलं तर. साहेब आले की बघू."

"पावतीशिवाय?"

"पावतीशिवायच ना."

तिने डबे पुन्हा पिशवीत भरले. पावती हातात पडल्याशिवाय वस्तू सोडायची नाही, असं आत्याने तिला दोनदा बजावून पाठवलं होतं. मागे रांग चुळबुळत होती. ती स्वतः तर सकाळपासूनच चुळबुळत होती. चष्म्याच्या ज्या दुकानात ती काचा बसवायची, तिथून दुपारपर्यंतची सुट्टी मिळवायला तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

डबे आत्याकडचे, कंपनीकडून भाड्याने घेतलेले. आत्या पडली, खुबा मोडला, आणि तिसऱ्या मजल्यावर एकटीने राहणं संपलं. तिने, म्हणजे भाचीने, आठ दिवसांत ते घर रिकामं केलं आणि आत्याला आपल्याकडे आणलं. त्या गडबडीत डबे कुठल्याशा खोक्यात गेले ते गेलेच. मग कंपनीचं पत्र आलं. उपकरणे ताब्यात ठेवल्याबद्दल दंड, मुदत आजची. ते पत्र आत्याने भिंगाखाली धरून वाचलं. तिने एकतीस वर्षं कारखान्याच्या सुट्या भागांचं स्टोअर सांभाळलं होतं आणि निवृत्त झाली त्या दिवशीच्या मोजणीत एक वॉशरही कमी भरला नव्हता.

"ताब्यात ठेवल्याबद्दल," ती म्हणाली. "म्हणजे चोरीच की."

"आत्या, मी भरून टाकते ना दंड. कटकट मिटेल."

"भरलास तर कबूल केल्यासारखं होईल."

तेव्हापासून आत्याच्या पोटात धड अन्न गेलं नव्हतं. तशी ती आल्यापासूनच मनाने या घरात नव्हती. खुर्चीच्या कडेवर टेकल्यासारखी बसायची. कपड्यांची बॅग खाटेखाली तशीच होती, चेन लावलेली, सामान हलवताना चिकटवलेल्या चिठ्ठीसकट. लहानपणापासून ती भाचीला 'घाईबाई' म्हणायची. तीन आठवड्यांत एकदाही म्हणाली नव्हती. तिला इथे आणून आपण तिचं वाटोळं तर केलं नाही ना, या विचाराने भाचीला चष्म्याचे स्क्रूसुद्धा नीट दिसेनासे झाले होते.

रस्त्याच्या कडेला उभी राहून तिने फोन लावला.

"आत्या, डब्यांची लेबलं तू काढलीस?"

"मग? माल आत आला की लेबल काढायचं. मालावर ठेवलं तर झिजतं, तेलकट होतं. मग नंबर कोण शोधणार?"

"आणि लावलीस कुठे?"

पलीकडे काठी टेकल्याचा आवाज आला.

"दाराला," आत्या म्हणाली. "स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या, आतून. तूच रिकामं केलंस की ते. दिसलं नाही?"

दिसलं नव्हतं. दोन्ही दारं सताड उघडून तिने एका दुपारी अख्खं कपाट खोक्यांत ओतलं होतं. दारांकडे पाहायला तिला फुरसत होती कुठे?

घरमालक त्या घराला रंग देणार होता, हे तिने फोनवर सांगितलं नाही.

आत्याच्या जुन्या घराचे तीन मजले ती जवळजवळ पळतच चढली. घर उघडं होतं. स्वयंपाकघरात कपाटाचं एक दार घासून पांढरंफटक करून भिंतीला टेकवलेलं होतं. दुसरं दोन स्टुलांवर आडवं होतं आणि रंगारी हातातल्या पॉलिश पेपरची घडी घालत होता.

"थांबा," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "इथे राहायच्या ना, त्यांची मी भाची."

"थांबलोयच ताई. हे बघूनच जीवावर आलं होतं, म्हणून शेवटी ठेवलं."

दार वरपासून खालपर्यंत लेबलांनी भरलेलं होतं. पट्टी लावावी तशा सरळ ओळी. मिक्सर, इस्त्री, टेबलफॅन, एकापाठोपाठ तीन रेडिओ. प्रत्येकाखाली निळ्या शाईत तारीख. जी वस्तू घरातून गेली, तिच्या लेबलावर बारीक तिरकी रेघ. सगळ्यात खाली दोन लेबलं होती, रेघ न मारलेली.

तिने नखाने त्यातल्या एकाचा कोपरा उचलून पाहिला. तो फाटला. तिने हात मागे घेतला.

"फोटो काढा," रंगारी म्हणाला.

"रांगेत माझ्या पुढच्याने लेबलाचा फोटोच नेला होता. त्याला परत पाठवलं."

"मग आता दारच न्या."

तिने दाराकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"चेष्टा केली हो, ताई."

"पाचपर्यंत आणून देते."

रंगाऱ्याने मान खाजवली. भिंतीकडे, घड्याळाकडे पाहिलं. "साडेचार," तो म्हणाला आणि दाराचं दुसरं टोक उचललं.

खाली टॅक्सीवाल्याने दुप्पट भाडं सांगितलं. एरवी तिने त्याची चांगली हजेरी घेतली असती. आज निमूट बसली, आणि वाटभर खिडकीतून हात बाहेर काढून टपावरचं दार धरून राहिली.

काउंटरसमोरची रांग आपणहून बाजूला झाली.

"हे काय?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"लेबल."

तो बाहेर आला आणि दारासमोर उकिडवा बसला. पहिलं लेबल यंत्राने लगेच वाचलं. फाटलेल्या कोपऱ्याचं काही वाचेना, तेव्हा त्याने नंबर हाताने घातला. पडद्यावर दोन्हींपुढे आत्याचं नाव आलं. त्याने डबा दाराशी धरला. चकचकीत पट्टा आणि लेबल मापाला माप होतं. मग काम झालं तरी तो उठेना.

"असा रेडिओ आमच्याकडे होता," तो म्हणाला. "बरं. झालं तुमचं. मेसेज येईल."

"कागदावर द्या. शिक्क्यासकट. रिमोट, अडॅप्टर, वायर, सगळं वेगवेगळं लिहून."

"वायरसुद्धा?"

"दोन आहेत."

सव्वाचारला दार रंगाऱ्याच्या स्टुलांवर परत गेलं. जिना उतरताना तिला वरून घासण्याचा आवाज ऐकू आला आणि ती मधल्या मजल्यावर उगाच थांबली.

आत्याने पावती भिंगाखाली धरली. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचली. शिक्का उजेडात धरून पाहिला.

"आणि दार?"

"परत दिलं." भाचीने पाण्याचा ग्लास भरला, तो तसाच ठेवला. "ते लोक आता घासून टाकतील ते, आत्या."

"हं. पावती घेतलीस?"

"कशाची?"

"दाराची."

आत्याच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. पावतीची घडी घालून ती म्हणाली, "वाढ आता. भूक लागलीय."

ती पोटभर जेवली. भाचीला मात्र घास उतरेना. बाईचा जन्माचा संसार त्या दारावर होता आणि आपण तो स्वतःच्या हाताने खरवडायला पोचवून आलो, हे तिला राहून राहून टोचत होतं.

चार दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, घरातलं इंटरनेट बंद पडलं. तिने कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीने डब्याखालचा नंबर मागितला.

तिने डबा उलटा केला. त्याच्या पोटाशी चकचकीत पट्टा होता.

डबा हातात घेऊन ती उठली. मग स्वयंपाकघरात जाऊन एकेक कपाट उघडू लागली. यावेळी दारांच्या आतल्या बाजू पाहत.

तिसरं दार. काठी टेकून उभ्या राहिलेल्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर एक सरळ ओळ होती. तिचा मिक्सर. तिची इस्त्री. इंटरनेटचा डबा. खाली निळ्या शाईत तारखा. आणि ओळीच्या शेवटी, इतरांच्या मापात बसावी म्हणून कडा कातरलेली, तिच्याच घाईच्या अक्षरातली बॅगेवरची चिठ्ठी: 'आत्या – कपडे'. तिच्याखाली मंगळवारची तारीख होती, पावती आणली त्या दिवसाची.

"मॅडम, सांगताय ना नंबर?" फोनमधून आवाज आला.

तिने लेबलावरचे आकडे एकेक करून वाचले.

"शेवटी सात नाही, एक आहे," आतल्या खोलीतून आत्या म्हणाली. "नीट वाच, घाईबाई."