गाडीच्या तुलनेत

पन्नास किलोचा माणूस शंभर किलोच्या उभ्या गाडीवरून, गाडीच्या तुलनेत सेकंदाला तीन मीटर वेगाने पुढे उडी मारतो. गाडीचा वेग किती? माझं उत्तर दीड, पहिल्या बाकावरच्या मुलीचं एक.

"अतिशहाणी!" मी म्हणाले. वर्ग हसला.

"पण बाई, गाडी मागे सरकतेय ना? तो वेग तीनातून वजा नको का करायला?" तिचे डोळे भरले होते.

मी फळ्यावर पुन्हा मांडणी केली. एकच आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझंच बरोबर," मी पुटपुटले.

"बाई, ऐकू नाही आलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

टोमणा मारताना आवाज कसा खणखणीत निघाला होता! मी तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "हिचं बरोबर आहे. चूक माझी."