मी थांबायला तयार होते

मी एक छोटी काळी पेटी बोलतेय. दचकू नका. दचकायचं काम माझं आहे.

थायलंडमधल्या फ्रे गावच्या बाजारात शिरताना फाटकावर मोठी स्क्रीन लागते. तिच्यावर साबण, आंबे, शाळेचे गणवेश येत-जात राहतात आणि लोक म्हणतात, "काय छान स्क्रीन आहे!" पण स्क्रीनला स्वतःचं असं काहीच सुचत नाही हो. काय दाखवायचं, कधी दाखवायचं, हे तिच्या पाठीला चिकटून बसलेली मी सांगते. मला मीडिया प्लेअर म्हणतात. बाजारातले लोक नुसतं 'पेटी' म्हणतात.

कारखान्यात पहिल्यांदा अंगात वीज शिरली तेव्हा मी एवढी दचकले, की माझा दिवा लाल-हिरवा-लाल असा फडफडला. तपासणाऱ्या बाईंनी तरीही मला पास केलं. त्यांना अशा मुलींची सवय असावी.

पहिली नोकरी चिआंग माईला, दातांच्या दवाखान्यात. मी दिवसभर पांढरेशुभ्र हसरे दात दाखवायचे आणि समोरची माणसं गाल धरून माझ्याकडे बघायची. आतून यंत्राची घरघर आली की ती दचकायची, मीही दचकायचे. आमचं छान जमायचं. मग दवाखान्याने नवी स्क्रीन आणली, तिच्या पोटातच प्लेअर होता. मला वायरीत गुंडाळून कपाटात टाकलं, कापसाच्या गठ्ठ्यांशेजारी. संपलं आपलं, असं मी धरूनच चालले होते.

तिथून मला या बाजाराच्या कचेरीने आणलं. मला स्क्रीनमागे बसवलं खिमने. खिम म्हणजे नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी. पहिलीच नोकरी, फोन वाजला की हातातला चहा सांडायची. स्क्रू पिळताना ती हळूच म्हणाली, "दुखलं तर माफ कर हं." मला ती तेव्हाच आवडली.

दुसऱ्या दिवशी बुआलाई मावशी आल्या. त्यांनी माझ्या अंगावर मोगऱ्याचा हार घातला आणि लाल सरबताची बाटली, नळीसकट, माझ्यापुढे ठेवली.

"मावशी, ओलं नको हो तिच्याजवळ!" खिम म्हणाली.

"नवी आलीये. तिचा मान नको ठेवायला?"

मी जीव मुठीत धरून त्या बाटलीकडे बघत राहिले.

मावशी टोमॅटोच्या लाल रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया विकतात. त्यांचं दुकान आधी फाटकाजवळच होतं. मग जेवणाची सगळी दुकानं मागच्या नव्या इमारतीत गेली, जिना चढून वर. गिऱ्हाईक काही जिना चढेना. रायोंगला राहणारा मुलगा मागे लागला होता, "आई, बंद कर आणि इकडे ये." शेवटी मावशींनी ठरवलं. रविवारी तो गाडी घेऊन येणार होता. तोवर पातेलं रिकामं होऊ लागलं तर राहायचं, नाहीतर पातेली गाडीत घालून निघायचं.

"नाही जाऊ देणार," खिम म्हणाली. "शनिवारी सकाळपासून फाटकावर तुम्हीच दिसाल."

तिने जाहिरात बनवली. वाडगा, वाफ, मावशींचं हसू आणि जिन्याकडे जाणारा भला मोठा बाण. सुरू होण्याची तारीख टाकून माझ्याकडे पाठवली. मी ती जपून ठेवली आणि घड्याळ बघितलं. त्या तारखेला फार म्हणजे फारच अवकाश होता. पण मला थांब म्हटलं की मी थांबते. मी थांबायला तयार होते.

शनिवार उजाडला. साबण, आंबे, गणवेश. पुन्हा साबण. मावशी हातात पळी घेऊन खाली आल्या.

"काय गं, मी कुठाय? साबणामागे लपवलंस का मला?"

"येईल, मावशी, आत्ता येईल..."

"एक चापट दे तिला. आमचा रेडिओ तशानेच चालायचा."

"नको!" आम्ही दोघी किंचाळलो. खिम मोठ्याने, मी मनात.

खिमने चिआंग माईला वीरयुतला फोन लावला. माझी डॉक्टरकी तोच करतो. फोनवरचा त्याचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होता.

"सिस्टिमची माहिती उघड आणि मला वाचून दाखव."

ते माझं खासगी पान आहे हो! माझं नाव, पत्ता, पोटात किती जागा, अंगात किती ताप, घड्याळात किती वाजले, सगळं त्यात असतं. आणि ते उघडलं कुठे, तर भर बाजारात, त्या अवाढव्य स्क्रीनवर.

"नाव?"

"फाटक एक."

"नेटवर्क?"

"जोडलेलं आहे. पत्ताही दाखवतंय."

"जागा?"

"अर्ध्याहून जास्त मोकळी."

"म्हणजे उपाशीच आहे बिचारी," मावशी म्हणाल्या.

"तापमान?"

"अगं बाई! आकडा लाल झालाय."

"तिच्या झरोक्यांवर काही ठेवलंय का?"

खिमने मावशींकडे बघितलं. मावशींनी हाराकडे बघितलं.

"मान दिला होता रे तिला!"

"मान जरा बाजूला लटकवा, मावशी. तिला श्वास घेऊ द्या."

हार निघाला आणि मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण जाहिरात काही लागली नाही.

"तारीख?" वीरयुतने विचारलं.

"आजचीच. साल अडुसष्ट."

"बरोबर. मग पेटी ठणठणीत आहे. सोमवारी माणूस पाठवतो."

आता काय म्हणावं? माझ्या पानावर स्वच्छ २०२५ लिहिलेलं होतं! पण इथल्या माणसांच्या घरात बुद्धाचं साल, यंदाचं अडुसष्ट, आणि जगाचं साल लहानपणापासून शेजारी शेजारी नांदतात. डोळ्यांना एक दिसतं आणि तोंड दुसरं म्हणून मोकळं होतं. मला बोलता येत नाही, फक्त दाखवता येतं. मी ते चार आकडे जीव तोडून दाखवत राहिले.

"सोमवारी मी रायोंगला असेन," मावशी हळूच म्हणाल्या आणि जिन्याकडे वळल्या. खिमचे डोळे भरून आले. शब्द तिनेच दिला होता ना. ती पुन्हा माझ्या पानाजवळ आली आणि पहिलीतल्या मुलासारखी बोट ठेवून वाचू लागली.

"दोन... शून्य... दोन... पाच." बोट थांबलं. "मेले!"

"काय झालं?" मावशी पायरीवरूनच ओरडल्या.

"मी जाहिरातीत पंचवीसशे अडुसष्ट टाकलं! पेटी आपलं साल नाही मोजत!"

मावशींनी बोटांवर हिशेब सुरू केला आणि सोडून दिला. "मग माझ्या शेवया येणार होत्या कधी?"

"पाचशे त्रेचाळीस वर्षांनी."

मावशी जिन्यावर बसल्या आणि पोट धरून हसल्या. "तोवर रस्सा छान मुरला असता गं!"

फोनमध्ये वीरयुत खाकरला. "मलाही बरोबरच वाटलं. कचेरीत कुणाला सांगू नका."

खिमने साल बदललं आणि मी क्षणात मावशींना फाटकावर आणलं. वाफ, हसू, बाण! भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका थबकल्या, बाणाकडे बघितलं आणि जिना चढू लागल्या. दुपारी मावशी रिकामं पातेलं पळीने वाजवत खाली आल्या. मी दचकले, पण आनंदाने. रविवारी मुलगा आला, तर त्याला बसायला जागा नव्हती. उभ्यानेच त्याने दोन वाडगे संपवले आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला.

संध्याकाळी खिमने विचारलं, "मावशी, जाहिरात कधीपर्यंत ठेवू?"

"ते चुकलेलं साल होतं ना? ते शेवटच्या तारखेला टाक."

खिमने हसत हसत खरंच टाकलं.

तेव्हा मंडळी, कधी स्क्रीन रुसलेली दिसली तर चापट मारू नका. माझं पान उघडा, हळू वाचा आणि जे लिहिलंय तेच वाचा. धूळ पुसा, हार बाजूला लटकवा, सरबत जरा लांब ठेवा. मला जपून राहायला हवं. मावशींच्या शेवया अजून पाचशे त्रेचाळीस वर्षं दाखवायच्या आहेत.