अंदाजाने गाडलेला हद्दीचा दगड

मित्रांनो, मी एक जुना हद्दीचा दगड आहे. दोन सख्ख्या भावांच्या जागा जिथे भेटतात, तिथे मोजणीदाराने मला गाडले. डोक्यावर छिन्नीने फुली कोरली आणि "याला हलवू नका हं," असे बजावून तो गेला. दगडाला काही वाटत नाही, असे सगळे धरून चालतात. ऐकून ऐकून मलाही तसेच वाटू लागले आहे.

भावांचे एकमेकांवाचून पान हलत नसे. थोरल्याची लेक संसार मोडून माहेरी आली, तेव्हा तिच्या शिवणकामासाठी हद्दीला लागून खोली बांधायचे ठरले. विटांच्या ट्रकला मी आडवा येत होतो. दोघांनी हसतखिदळत पहार घालून मला उपटले. काही दिवस घरच्या बायका माझ्यावर कपडे धूत होत्या. खरे सांगू? ते दिवस मजेचे होते.

मग पाया आखायची वेळ आली.

"इथेच होता ना रे हा?" थोरल्याने विचारले.

"दादा, घरातल्या घरात कसली मोजणी? ठोक तिथेच," धाकटा म्हणाला.

मी धाकट्याच्या जागेत चांगला हातभर सरकलो होतो. माझ्यावरूनच दोरी ताणली, भिंत उभी राहिली. लेकीचे मशीन सुरू झाले, गिऱ्हाइके येऊ लागली. काम करता करता ती गुणगुणायचीसुद्धा.

पुढे धाकट्याने जागा विकायला काढली. घेणाऱ्याने आधी मोजणी मागवली. मोजणीदाराने नकाशा पसरला, मोजून पाहिले आणि मान हलवली.

"दगड सरकलाय. ही भिंत धाकट्यांच्या जागेत आहे."

"दादा, भिंत काढल्याशिवाय घेणारा व्यवहार करणार नाही म्हणतो," धाकटा खाली बघत म्हणाला.

"अरे, तूच म्हणालास ना, ठोक तिथेच?"

लेकीने मुकाट्याने मशीन बाहेर काढले. भिंतीबरोबर छतही उतरवावे लागले. धूळ माझ्या अंगावर बसली. मला काहीच वाटले नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही जागेचे मालक व्हाल. पाया खणण्याआधी मोजणी करून घ्या. शेजारी सख्खा भाऊ असला, तरी त्याला समोर उभा करून नकाशा दाखवा. आम्हा दगडांना उपटू नका, आणि उपटलेच तर अंदाजाने पुन्हा गाडू नका.

आता मी अगदी बरोबर जागी आहे. लेक दुसऱ्याच्या दुकानात शिवायला जाते. रोज माझ्या शेजारून जाते, पण आता गुणगुणत नाही.