डाव्या हाताचे ठोके

तिने संगणकावर रचलेला ड्रमचा तुकडा शिलाई मशीनसारखा खडखडत होता. सगळे ठोके एकाच जोराचे, जीव नसलेले. ती वैतागली. नवऱ्याने हा तुकडा हसतखेळत वाजवून दिला असता, पण तो जाऊन वर्ष उलटलं होतं आणि स्टुडिओवाल्यांनी तुकड्यासाठी डोकं खाल्लं होतं.

मग ती हट्टालाच पेटली. त्याचा डावा हात कच्चा होता, म्हणून तिने डाव्या हाताचे ठोके एकेक करून हलके केले. ओळीच्या शेवटी तो कायम रेंगाळायचा, म्हणून तिथला ठोका किंचित मागे ओढला. बटण दाबलं. हुबेहूब तोच वाजवत होता.

दारात सासूबाई उभ्या होत्या. हल्ली त्यांच्या काही लक्षात राहत नसे. मुलगा गेल्याचं त्यांना पुन्हापुन्हा सांगावं लागे आणि दर वेळी त्या नव्याने कोसळत.

"आला का गं तो?" त्यांचा चेहरा उजळला होता. "मला उठवायचं नाही होय?"

तिने सगळे ठोके पुन्हा एकसारखे करून टाकले आणि बटण दाबलं.

"हा कोण गधडा बडवतोय?" सासूबाई चिडल्या. "माझा कुठे गेला?"