तिसऱ्या डेस्कटॉपवरचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. हल्ली माळ्यावर धूळ खात पडलेला असलो, तरी एके काळी टेपवाल्या काकांच्या दुकानात माझा मोठा थाट होता. लोक जुन्या कॅसेट आणत. काका त्या माझ्यात उतरवून घेत आणि खरखर काढून टाकत. स्वच्छ झालेला आवाज ऐकताना गिऱ्हाइके मलाच शाबासकी देत. मी फुशारून जाई.

माझा पडदा एक, पण त्यावर डेस्कटॉप, म्हणजे काम मांडायच्या वेगवेगळ्या जागा, चार. काका प्रत्येक गिऱ्हाइकाचे काम वेगळ्या डेस्कटॉपवर उघडत, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळायला नको. एका डेस्कटॉपवर असताना दुसऱ्यावरच्या खिडक्या दिसत नाहीत. एक बटण दाबले की चारही शेजारी शेजारी समोर येतात. काम सोडून उठताना मात्र काका न चुकता पहिल्या डेस्कटॉपवर येत. तिथे काहीच उघडे नसे. आपले काम कोणी बघू नये, असा त्यांचा स्वभाव होता.

एकदा शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. त्यांची लेक लहानपणीच तापाने गेली होती. तिचा आवाज एकाच कॅसेटवर उरला होता आणि त्या कॅसेटची फीत पार कुजली होती. काकांनी ती तिसऱ्या डेस्कटॉपवर उतरवून घेतली. पोर पाढे म्हणत होती, अडखळली की स्वतःच हसत होती. शेवटी फितीचे तुकडे पडले, पण तोवर सगळे माझ्यात आले होते. फक्त सेव्ह करायचे राहिले. तेवढ्यात काकांच्या छातीत कळ आली. सवयीने ते पहिल्या डेस्कटॉपवर आले आणि खुर्चीतच कोसळले.

काका दवाखान्यात बेशुद्ध होते आणि मी दुकानात तसाच चालू होतो. गिऱ्हाइकांच्या वस्तू परत करायला त्यांचा मेहुणा दुकानात बसला. माणूस भला होता, पण काकांची ही पद्धत त्याला कोण सांगणार? मावशी आल्या तेव्हा त्याने माझ्या सगळ्या फाइली चाळल्या. पडदा रिकामाच होता.

"मावशी, यात काहीच नाही. टेप तुटली तेव्हाच गेलं असणार."

"एकदा नीट बघता का? पाढे म्हणते ती."

त्याने खरोखर पुन्हा पाहिले. मी आतून तळमळत होतो, पण मला कुठली वाचा! मावशींनी फितीच्या तुकड्यांची पिशवी उराशी धरली आणि त्या पायऱ्या उतरल्या. मेहुण्याला फार वाईट वाटले. मग दुकान बंद करताना त्याने भिंतीवरचे बटण बंद केले. सेव्ह न झालेली ती पोर तिथेच संपली.

काका बरे होऊन आले ते थेट माझ्यापाशी. त्यांनी चारही डेस्कटॉप समोर आणले. तिसरा रिकामा होता. ते मेहुण्यावर रागावले नाहीत. "तिसऱ्या डेस्कटॉपवर होती रे," एवढेच म्हणाले. मावशींकडे ते स्वतः गेले. परत आल्यावर त्यांनी दुकान पुन्हा उघडले नाही आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

मित्रांनो, समोर दिसत नाही म्हणून कोणाला "काही नाही" असे चटकन सांगू नका. आणि माझ्यासारख्याला बंद करण्याआधी त्याचे सगळे डेस्कटॉप एकदा उघडून पाहा. त्या दिवशी मावशी पायऱ्या उतरत होत्या, तेव्हा त्यांची लेक माझ्यात जिवंत होती.